सेहेचाळीस नंबरचं मत

मामा: दारात उभा राहू नकोस, उजेड अडतो. आत ये, नाहीतर जा.

भाचा: आत आलो तर ऐकशील?

मामा: हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत. तो वायसर दे. तो नाही रे, चामड्याचा. इंजिनियरसाहेब, चामडं ओळखता ना?

भाचा: मामा, आज नववा दिवस. टाकी भरून वाहतेय आणि खाली गावात एका नळाला थेंब नाही.

मामा: बघितलं. टाकीखाली बगळे उतरलेत. मजा आहे त्यांची. मग तुमची ती साखळी काय म्हणते?

भाचा: ब्लॉकचेन, मामा.

मामा: तेच. साखळी म्हटलं की निदान बांधल्यासारखं तरी वाटतं.

भाचा: दर तीन महिन्यांनी पाण्याचं वेळापत्रक मतदानाने मंजूर करायचं असतं. जुनं संपलं, नवं मंजूर होत नाही. मंजूर झाल्याशिवाय टाकीच्या झडपेचं कुलूप उघडत नाही. दोन तृतीयांश मतं हवीत.

मामा: मग द्या की मतं. तहान लागलेला माणूस नाही म्हणेल का?

भाचा: सभासद दोनशे दहा. त्यातले पन्नास कामाला बाहेरगावी गेले, फोन बदलले, पासवर्ड विसरले. नऊ जण वारले.

मामा: वारलेल्यांची नावं काढा.

भाचा: नाव काढायलाही दोन तृतीयांश मतं लागतात.

मामा: वा.

भाचा: आणि चाळीस जण परदेशातले आहेत. सुरुवातीला मी नियमात लिहिलं होतं ना, कुणालाही सामील होता येईल. ते रोज आठवणीने विरुद्ध मत देतात. त्यांचं म्हणणं, पाणी जपून वापरायला हवं.

मामा: सातासमुद्रापलीकडून आमचं पाणी वाचवतायत! किती जीव लावावा माणसाने. त्यांना सांग, इथे कालपासून कुणी तोंडसुद्धा धुतलं नाही, तुमची कृपा आहे.

भाचा: चेष्टा करू नकोस ना.

मामा: मी कशाला करू? पहिल्याच वर्षी दूधवाल्याची कडब्याची गंजी पेटली तेव्हा तरी केली का? तुम्ही पाणी सोडायचा ठराव टाकलात. ठरावाला कमीत कमी अठ्ठेचाळीस तास. तो बिचारा पाइप धरून बसला. तिसऱ्या दिवशी पहाटे ठराव पास झाला आणि पाणी असं सुटलं की राख तर गेलीच, वर कोंबड्यांचं खुराडं वाहून गेलं.

भाचा: कोंबड्या सापडल्या होत्या.

मामा: चार. बाकीच्या गाव सोडून गेल्या. त्यांना मत नव्हतं ना.

भाचा: चुकलं, मामा. मला वाटलं होतं, कुणी एक मालक नसला की कुणावर अन्याय होणार नाही.

मामा: अरे, मालक नसला की शिव्या कुणाला घालायच्या? बत्तीस वर्षं मी पाणी सोडलं. वरच्या आळीला पाच मिनिटं कमी आलं की माझा उद्धार. खालच्या आळीला गढूळ आलं की माझ्या सात पिढ्या. संध्याकाळी त्याच माणसांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचो. शिवी देऊन झाली की माणूस मोकळा होतो. तुमच्या साखळीला शिवी लागते का?

भाचा: नाही.

मामा: मग ती पोटात राहते. जाऊ दे. कुलूप तोडा आणि मोकळे व्हा.

भाचा: तोडलं तर मोटार कायमची बंद पडते. चोरी होऊ नये म्हणून मीच तशी सोय केली होती.

मामा: शाब्बास.

भाचा: म्हणून तर आलो. म्हातारी माणसं म्हणतात, जुनी हाताने फिरवायची चावी अजून आहे जमिनीखाली. ती कुठे आहे ते फक्त तुला माहीत आहे.

मामा: आहे माहीत.

भाचा: मग चल ना.

मामा: येतो. आधी तुझ्या आईला पाठव. भिंतीपलीकडेच तर राहते. तिनं इथे यावं आणि सांगावं, बाबा रे, तुला काढायला मी मत दिलं, माझं चुकलं. एवढंच. मी लगेच उठतो.

भाचा: मामा, दोन वर्षं झाली त्याला.

मामा: दोन वर्षं कशी होतील? हा बघ माझा फोन. काच फुटलीय, पण यादी दिसते. ठराव नंबर सात, पाणीवाल्याला मुक्त करणे. मुक्त! जणू मी पिंजऱ्यात होतो. बाजूने एकशे एक्केचाळीस, विरुद्ध एक. तो एक मीच. आणि हे सेहेचाळीस नंबरचं मत बघ. तुझ्या आईचं. बाजूने. तारीख, वेळ, सेकंदासकट. रोज सकाळी बघतो. रोज सकाळी ते कालच झालेलं असतं.

भाचा: रोज कशाला बघतोस?

मामा: पुसलं जातंय का बघतो. पूर्वी सभेत हात वर करायचे. खाली घेतला की हवेत काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणायचा, छे छे, मी नव्हतो बुवा. आपल्याला ठाऊक असायचं, हाच होता. पण आपणही म्हणायचो, असेल, नसेल. तेवढ्या खोट्यावर गाव चालतं रे. तू तेच काढून घेतलंस.

भाचा: मामा...

मामा: बाकीच्या एकशे चाळिसांचं मला काही नाही. पण जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिनं?

भाचा: तिनं नाही.

मामा: काय नाही?

भाचा: ते मत तिनं नाही दिलं. मी दिलं.

मामा: तिच्या फोनवरून?

भाचा: अडतीस म्हाताऱ्या माणसांचे फोन मीच चालू करून दिले होते. सगळ्यांचे पासवर्ड माझ्या वहीत. त्या दिवशी मतं कमी पडत होती. दोन दिवसांनी शहरात कार्यक्रम होता, मला मंचावर बोलावलं होतं, माणसाशिवाय पाणी सुटणारं गाव म्हणून. मी घरात बसलो आणि अडतीस मतं एकामागून एक दिली. जेवायच्या आधी संपवली.

मामा: अडतीस.

भाचा: वाटलं, तुझे गुडघे दुखतात, तुला आराम मिळेल. तुझ्यासाठी दुसरं काहीतरी बघणार होतो.

मामा: तिला कधी कळलं?

भाचा: त्याच संध्याकाळी. यादी लागली, तिनं नाव वाचलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, मामाला आत्ताच जाऊन सांगतो. तर म्हणाली, खबरदार. गावाला कळलं तर तुला कुणी दारात उभं करणार नाही. माझ्या नावावर राहू दे.

मामा: आणि मी? मी कुणीच नाही?

भाचा: तू येशील म्हणाली. तो आधी माझ्याकडे येईल, ओरडेल, विचारेल, मी नाही म्हणेन, त्याला तेवढं पुरेल. त्या रात्री तिनं दाराला कडी लावली नाही.

मामा: तो पाना दे इकडे.

भाचा: मामा, बोल ना. मार मला पाहिजे तर.

मामा: टाकीच्या मागे, तिसऱ्या खांबापासून चार पावलं. तुझी नाही, माझी पावलं, आखूड. फरशी उचल. खाली चावीचं चाक आहे. डावीकडे फिरव, अगदी हळू, नाहीतर पाइप फुटतील. आवाज बदलला की थांब.

भाचा: तू येत नाहीस?

मामा: तू जा. मला शेजारी जायचंय.

(शेजारच्या घराचं स्वयंपाकघर. ताई रिकामे हंडे एकावर एक रचतेय.)

ताई: कोण? ... वाट चुकलास का?

मामा: पोरगा बोलला सगळं.

ताई: बोलला? बरं झालं. मला वाटलं, माझ्याबरोबरच जाणार ते.

मामा: तू का नाही बोललीस, ताई? मधे एक भिंत. नुसती थाप मारायची.

ताई: तुझं खोकणं ऐकायची मी त्या भिंतीतून. मागच्या थंडीत पंधरा दिवस खोकलास. काढा करून ठेवला होता. मग ओतून दिला.

मामा: मी तुझ्यावर किती राग धरला. तुझं नाव काढलं की उठून जायचो.

ताई: कळायचं मला. लोक सांगायला टपलेलेच असतात.

मामा: पण तिथे लिहिलेलं होतं ना. तुझं नाव, तारीख, वेळ. सेकंदासकट.

ताई: लिहिलेलं होतं.

मामा: कुणालाही खरं वाटलं असतं.

ताई: कुणालाही वाटू दे. इतरांशी मला काय करायचंय? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा. झोपेत माझं बोट सोडत नव्हतास, मी एका हाताने भाकऱ्या थापायला शिकले. आणि तू फोनवरची एक ओळ वाचलीस आणि पान उलटावं तशी बहीण बदललीस.

मामा: मी यायला हवं होतं.

ताई: हो.

मामा: भांडायला तरी.

ताई: भांडायला तर यायलाच हवं होतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. चांगले चार-पाच दिवस घोकत होते. एक तर इतकं झणझणीत होतं की तुला जन्मभर आठवलं असतं.

मामा: काय होतं?

ताई: विसरले आता.

मामा: ताई, आता विचारतो. तू दिलं होतंस का ते मत?

ताई: आता काय विचारतोस? आता तर तुला माहीत आहे.