देवघर सोडून सगळं तपासलं

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. देव आपलं घर राखतो — बरोबर? बरोबर! मग बाहेर पडताना कुलूप का लावता? लावून वर दोनदा ओढूनही बघता! हसू नका, मीही ओढतो. तर राखण्यात देवाचा वाटा किती आणि आपला किती? ऐका!

मिरजेत दामूअण्णा खटावकर राहायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी. तीस वर्षं मुलांच्या हातात स्पिरिटचे दिवे बघितले, की माणसाचं काय होतं? तो लग्नाला गेला तरी आधी आचाऱ्याची शेगडी बघून येतो!

दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेआधी, अण्णा घर तपासायचे. गॅसची नळी वाकवून बघायची, रेग्युलेटरला साबणाचा फेस लावायचा. त्या वर्षीही सून ऋजुता वही घेऊन मागे.

"फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळं एकाच प्लगला? हा प्लग आहे की धर्मशाळा?"

"लिहिलं, बाबा. धर्मशाळा."

मीटरखालची रद्दी हलली, शेगडीवर वाळणारं फडकं निघालं. मग ऋजुता म्हणाली, "बाबा, देवघर राहिलं."

"देवघर?" अण्णा थांबले. "अगं, तिथं प्रत्यक्ष देव बसलेत! त्यांची तपासणी करणारे आपण कोण?"

पटलं की नाही? मलाही पटलं असतं!

आता देवघरात काय होतं? नवरात्राचा नंदादीप. अण्णांच्या आईनं सुरू केलेला. एकेचाळीस वर्षं, नऊ दिवसांत एकदाही विझला नव्हता. विझला तर घराचं काही खरं नाही — हे आईचे शब्द, आणि अण्णांच्या मनात ते अजून आईच्याच आवाजात होते. दिव्यामागे जरीचा नवा पडदा, अण्णांनीच आणलेला. आणि पुढे चौरंगावर पूजेची अवजारं: पक्कड, कात्री, ऋजुताचा लॅपटॉप आणि लालभडक, पाच किलोचं, आग विझवायचं नळकांडं!

हो! अण्णांनी हौसेनं घेतलेलं. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली. आग विझवणाऱ्याला ओवाळलं कशानं? आगीनं! त्या नळकांड्याच्या मनात काय आलं असेल हो?

इतक्यात कुमुदताई, अण्णांच्या सौभाग्यवती, पुरण वाटून आल्या. "काय उकडतंय!" म्हणाल्या, आणि पंखा लावला.

पडदा हलला. दिव्याकडे गेला. जरीचा काठ पेटला!

"बाबा, नळकांडं!" ऋजुता ओरडली, आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला.

अण्णांनी नळकांडं उचललं. पिन कुठाय? हाराखाली! हार काढला — आणि सवयीनं नमस्कार केला! पडदा जळतोय, आणि हे नमस्कार करतायत! पिन ओढली. नळी रोखली. आणि हात थांबला.

कारण मध्ये नंदादीप होता.

"दिवा विझेल गं!"

"बाबा, छत पेट घेईल!"

किती वेळ गेला असेल? दोन श्वास. मंडळी, एकेचाळीस वर्षं दोन श्वासांत तोलायची म्हणजे खेळ नाही. अण्णांनी डोळे मिटले, आणि दांडा दाबला.

फस्स! पडदा विझला. दिवा विझला. देव, कात्री, लॅपटॉप, सगळे पांढरेशुभ्र!

अण्णा मटकन खाली बसले. "विझला. माझ्या हातानं विझला."

कुमुदताईंनी पदरानं देवीचा चेहरा पुसला, नीट निरखून पाहिला. "अहो, काही रागावलेली दिसत नाही. तिचंच घर वाचलं की!"

ऋजुतानं जळका पडदा ओढून काढला, दिव्याखाली परात ठेवली, काडेपेटी अण्णांच्या हातात दिली. तीन काड्या वाया गेल्या. चौथीनं ज्योत लागली.

"वहीत काय लिहू, बाबा?"

"पुढच्या वर्षापासून," अण्णा म्हणाले, "पहिलं नाव देवघराचं."

तर मंडळी, देवानं आपल्याला नाक दिलं, डोळे दिले, हात दिले. त्याचा वाटा त्यानं पोचता केलाय. आपण मात्र सगळं घर बघतो, आणि जिथं हात जोडतो तिथं डोळेही मिटतो!

खोटं वाटतं? मी पाऊण तास बोलतोय. माझ्या मागे समई आहे. समईमागे पडदा आहे. एकानं तरी सांगितलं का? — नाही, नाही, उठू नका. माझा वाटा मीच उचलतो. ही सरकवली. आता म्हणा, रामकृष्णहरी!