की कधी चुकत नसते

नाही, नाही, मला एक सांगा, चाळीस सेकंदांत तुम्ही काय करू शकता? तुम्ही म्हणजे तुम्ही, एवढे घोडे झालेली माणसं! चपला घालून होत नाहीत हो आपल्या चाळीस सेकंदांत! डोक्यावर ठेवलेला चष्मा सापडत नाही! आणि इथं दहा वर्षांची पोर... तिनं म्हणे चाळीस सेकंदांत एक गणित वाचायचं, समजून घ्यायचं, सोडवायचं, चार उत्तरांतलं एक निवडायचं आणि पेन्सिलीनं त्याचा गोल काळा करायचा. आणि नाही जमलं तर? नाही जमलं तर आमचे क्लासचे सर नाकातून सांगतात, "अडलं की सोडा, पुढे चला!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य आमच्या घरात शिरलं आणि घराचा बोऱ्या वाजला.

आता मी कोण? मी किल्लीवाला. चौकात चष्म्याच्या दुकानाखाली माझी टपरी आहे, कुलुपं उघडतो, किल्ल्या बनवतो, बावीस वर्षं झाली. माझ्याकडे माणूस येतो तोच मुळी अडलेला! घराबाहेर उभा, आत गॅस चालू, घामाघूम झालेला... त्याला मी सांगू, साहेब, अडलं की सोडा, पुढे चला? दुसरं घर बघा? मार खाईन ना चपलेनं! अहो, अडलं तिथंच तर माझा धंदा सुरू होतो! पण नाही. सरांना हे कोण सांगणार? सर चष्म्याच्या दुकानाच्या वर, मी खाली.

तर आमची थोरली. ही पोर कशी होती, सांगतो. सहा वर्षांची असताना एक गंजकं कुलूप घेऊन बसली टपरीत. तीन दिवस. जीभ बाहेर काढून, जिवाचा कान करून... मी म्हटलं, "अगं टाक ते भंगारात." तर म्हणते, "बाबा, ते उघडायचं म्हणतंय." तिसऱ्या दिवशी खटकन आवाज आला, आणि कार्टीनं माझ्याकडे असं बघितलं की मी राजा आणि ती माझी राजकन्या. अशी पोर!

तिला ती मोठी शाळा बघायला नेली मीच. चूक माझी. पाचवीनंतर प्रवेश, साठ जागा, परीक्षा देऊन. तिथं एका खोलीत गाडीचं इंजिन उभं चिरून ठेवलंय, आतलं सगळं दिसतं, आणि मुलांच्या हातात खरे पाने देतात. थोरली त्या इंजिनापासून हलेना. म्हणाली, "बाबा, मला इथंच यायचंय." झालं! पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. बाहुली मागितली असती तर सोपं होतं हो!

मग आमची ही म्हणाली, "क्लास लावायला हवा. शेजारच्या वहिनींनी लावला." शेजारच्या वहिनी! या बाईनं विहिरीत उडी मारली तर आमची ही विचारेल, कितव्या पायरीवरून मारली? वहिनी दारात येऊन हळूच बोलतात, गुपित असल्यासारखं, पण तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या हळू: "आमच्या बाळाचे आता छत्तीस सेकंद येतात हं..." छत्तीस! जसं काही पोराचा ताप उतरलाय!

लावला क्लास. जिना चढताना दोन्ही बाजूंना पास झालेल्या पोरांचे फोटो, एकाही पोराच्या चेहऱ्यावर हसू नाही. आत चार भिंती, चार घड्याळं, आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतायत. सरांच्या गळ्यात शिट्टी. गणिताच्या सरांच्या! चाळीस सेकंद झाले की फुर्रर्र! पन्नास पोरांची पानं एकदम उलटतात. मी म्हटलं, "सर, एखाद्याला खरंच समजून घ्यायचं असेल तर?" सर हसले. असे हसले जसा मी कंदील घेऊन बल्बच्या दुकानात गेलोय. "समजून घ्यायला पुढं आयुष्य पडलंय हो! इथं अडलं की सोडा, पुढे चला!"

महिन्याभरात घरात काय व्हायला लागलं, विचारू नका. थोरलीच्या फ्रॉकचं बटण अडलं, सोडलं, तशीच शाळेत गेली. भाजी संपेना, सोडली. धाकटी आमची सात वर्षांची, तिनं दात घासताना मध्येच ब्रश ठेवून दिला, "डावीकडचे अडले!" टपरीवर मी थोरलीला एक कुलूप दिलं, सोपंच होतं. तिनं सळी घातली, फिरवली, आणि माझ्या घड्याळाकडे बघितलं. कुलुपाकडे नाही हो, घड्याळाकडे! आणि कुलूप खाली ठेवलं. "अडलं बाबा." गेली पुढे. मला काय वाटलं म्हणून सांगू... माझ्या हातून माझंच पोर निसटलं असं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आणि मग आला प्रश्न सदतिसावा. नीट ऐका, चाळीस सेकंद लागणार नाहीत. एका पट्टीचे सात तुकडे करायचे आहेत. एक काप घ्यायला दोन मिनिटं लागतात. तर एकूण वेळ किती? सांगा. कोण म्हणालं चौदा? तुम्ही सरांच्या क्लासमध्ये जा, तुमची तिथं गरज आहे! अहो, सात तुकड्यांना काप किती? सहा! शेवटचा तुकडा आपोआप सुटतो ना! बारा मिनिटं. थोरलीनं लिहिलं बारा. सरांनी मारली काट. "चौदा!" पोर म्हणाली, "सर, काप सहाच लागतात." सर म्हणाले, "कीमध्ये चौदा आहे."

की म्हणजे आन्सर की! क्लासच्या पुस्तकामागं उत्तरांची यादी छापलेली असते, तिला हे लोक की म्हणतात. आता की हा शब्द माझ्यासमोर काढायचा? पोरीनं खाली येऊन हे सांगितलं तसा मी उठलो, पितळी पट्टी घेतली, करवत घेतली, गेलो वर. सरांच्या टेबलाला पट्टी आवळली आणि सगळ्या पोरांसमोर कापायला लागलो. एक... दोन... पोरं मोजतायत मोठमोठ्यानं... पाच... सहा! सात तुकडे टेबलावर! म्हटलं, "मोजा सर!" सरांनी मोजले. दोनदा मोजले. आणि काय म्हणावं या माणसानं? "तुमची पट्टी वेगळी आहे."

माझी पट्टी वेगळी! मी म्हटलं, "सर, किल्ली लागत नसेल तर मी किल्ली बदलतो, गिऱ्हाइकाला सांगत नाही की तुझं कुलूपच चुकलंय." तर सर एकदम देवळात बोलल्यासारखे आवाज खाली आणून म्हणाले, "की कधी चुकत नसते. बाळांनो, सदतीसचं उत्तर काय?" आणि पन्नास पोरं, ज्यांनी आत्ता माझ्याबरोबर सहा मोजले, ती पन्नास पोरं ओरडली, "चौदाss!" थोरलीनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे... आणि शिट्टी वाजली. फुर्रर्र! पान उलटलं.

परीक्षा झाली. यादी लागली शाळेच्या फाटकावर. साठ नावं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. ऑफिसात विचारलं, तर आमची थोरली एकसष्टावी. एका मार्कानं! आणि शेजारी शाळेनं बरोबर उत्तरं लावलेली. त्यात एक प्रश्न, ओळखा कुठला? तोच! पट्टी, सात तुकडे, सगळं तसंच्या तसं! आणि शाळेचं उत्तर? बारा!

मी पोरीला विचारलं, ओरडलो नाही, देवाशपथ नाही ओरडलो: "तू चौदा लिहिलंस का गं?" ती म्हणाली, "नाही बाबा. मी काहीच नाही लिहिलं. बारा बरोबर होतं, पण कीमध्ये चौदा होतं. कुठलं लिहू तेच कळेना. चाळीस सेकंद झाले. मग अडलं म्हणून सोडलं... पुढे गेले."

रडली नाही हो पोर. रडली असती तर बरं झालं असतं. फाटकातून तिला इंजिनाची खोली दिसत होती, तिकडे बघत होती नुसती.

सरांना जाऊन सांगितलं. सर काय म्हणाले? "वा! म्हणजे पद्धत तिनं अगदी बरोब्बर पाळली!" आणि आठ दिवसांत जिन्यावर हा एवढा फलक: 'परीक्षेत आलेला पट्टीचा प्रश्न आमच्याच पुस्तकातला!' उत्तराबद्दल एक अक्षर नाही. माणसाला थोडी तरी जनाची नाही तर मनाची!

आणि आता ऐका कहर. आमची ही तो फलक वाचून आली आणि म्हणाली, "धाकटीचं नाव आत्तापासूनच घालू या. निदान प्रश्न तरी तिथलेच येतात." मी म्हटलं, "अगं, उत्तरं?" ती म्हणाली, "ती तुम्ही कापून दाखवा!" ...बायकोपुढं कुणाची की चालते?

गेलो काल. मी, ही, दोन्ही पोरी, खांद्यावर माझी हत्यारांची पिशवी. वर पाहतो तर जिनाभर पालक उभे, वहिनी सगळ्यात पुढे, आणि सर दाराशी, घामाघूम. किल्ली कुलुपात अर्धी मोडलेली! मला बघितलं आणि असा चेहरा उजळला त्यांचा... "अरे, देवासारखे आलात! जरा बघा ना!"

मी वाकलो. बघितलं. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. चाळीस सेकंद, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि मग सरळ उभा राहिलो आणि नाकातून म्हणालो, "अडली की! सोडा, पुढे चला!"

आहाहा! काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षांच्या धंद्यात असं सुख नाही! उतरायला लागलो जिना, छाती ही एवढी... चार पायऱ्या उतरलो तर खांद्यावरची पिशवी ओढली कुणीतरी. थोरली! पिशवीतली बारीक हुकाची सळी काढली आणि बसली दारासमोर गुडघे टेकून. सर म्हणाले, "बाळ, किती वेळ लागेल?" तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "लागेल तेवढा."

जीभ बाहेर. कान कुलुपाला. सरांच्या गळ्यातली शिट्टी लोंबतेय तिच्या डोक्यावर, पण वाजवायची छाती नाही कुणाची. पंचवीस मिनिटं! आणि खटकन मोडका तुकडा बाहेर. पोरीनं माझ्याकडे बघितलं... तसंच, सहा वर्षांची असताना बघितलं होतं तसंच. माझे डोळे भरून आले, आता इथं लपवून काय करू.

आणि सरांनी काय करावं? तिच्या पाठीवर थाप मारली, जिनाभर उभ्या पालकांकडे वळले आणि म्हणाले, "बघितलंत? आमचीच विद्यार्थिनी!"

मग काय... भरला फॉर्म धाकटीचा. कुलुपाला नवीन की पण मीच घडवून दिली. वाकडी घडवावी असं शंभरदा मनात आलं, पण हात ऐकत नाही हो. चला, एक झालं... त्या अख्ख्या क्लासमध्ये आता एक तरी की बरोबर आहे.