बोलण्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक साहेब. व्यासपीठावर विराजमान मेट्रन मॅडम आणि नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या. आपली ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात घालून इथवर आलेल्या माझ्या सिस्टर्स आणि ब्रदर्स. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा मंडळी, ज्यांना खुर्च्या पुरल्या नाहीत याची मला लाज वाटते. पहिल्या रांगेत बसलेली आणि मघापासून माइककडे टक लावून बघणारी एक पाच वर्षांची पाहुणी. आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आजची सत्कारमूर्ती, आपली हळूबाई.

अध्यक्षमहोदय, 'हळूबाई' हे तिचं नाव नाही. हे मी पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात ती सहा वर्षांपूर्वी रुजू झाली आणि आठवड्याभरात मीच तिला हे नाव ठेवलं. मी वॉर्डाची इन्चार्ज. माझ्या हाताखाली सगळं झपाझप व्हायला लागतं. ही मात्र बीपी घ्यायला पाच मिनिटं लावायची, कारण पट्टा गुंडाळताना ती पेशंटशी बोलायची. बोलायची म्हणजे काय, ऐकायचीच. "अगं हळूबाई, चाळीस पलंग आहेत, चार नाहीत," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. ती "हो सिस्टर" म्हणायची आणि पुढच्या पलंगापाशी तेवढीच पाच मिनिटं लावायची.

आज ती परदेशी निघाली आहे. तिचे यजमान तिथल्या एका प्रयोगशाळेत तीन वर्षांपासून काम करतात. पहिल्या रांगेतल्या आमच्या पाहुणीला वडील माहीत आहेत ते फोनच्या काचेतून. एकदा ती वॉर्डात आली होती, तेव्हा मी विचारलं, "बाबा कुठे असतात गं तुझे?" तर म्हणाली, "आईच्या पर्समध्ये." हसलो आम्ही सगळ्या. हळूबाई नाही हसली.

आता, तिथे नर्स म्हणून उभं राहायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. साधीसुधी इंग्रजी नाही, दवाखान्याची इंग्रजी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, असे चार भाग. त्यातला बोलण्याचा भाग म्हणजे चक्क नाटक असतं. परीक्षक पेशंट होतो, तुमच्या हातात एक कार्ड देतात, त्यावर प्रसंग लिहिलेला असतो, आणि पाच मिनिटं तुम्ही नर्स व्हायचं. तुम्ही म्हणाल, नर्सने नर्स व्हायला काय कठीण आहे? मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या खेपेला आमची ही बाई पोटदुखीच्या पेशंटला म्हणाली, "हॅव यू पास्ड मोशन?" शौचाला झाली का, हे विचारताना आपण रोज म्हणतो तेच. परीक्षकाचा चेहरा कोरा. त्याच्या लेखी मोशन पास करणं म्हणजे ठराव मंजूर करणं. अध्यक्षमहोदय, आपल्या व्यवस्थापन समितीत दर महिन्याला होतं तेच. आमच्या पेशंटना मात्र कधीकधी आपल्याहून जास्त त्रास पडतो.

असो. ती चूक सुधारता आली. दुसरी सुधारेना. दोन्ही खेपांना ती ऐकणं, वाचणं, लिहिणं यांत पास झाली आणि बोलण्यात नापास झाली, ते एका वाक्यामुळे. ते वाक्य आपण सगळेच म्हणतो. इंजेक्शन द्यायच्या आधी म्हणतो, ऑपरेशनला नेताना म्हणतो, सलाइन संपल्यावर म्हणतो. "काही होत नाही." इतकं तोंडात बसलंय की झोपेतून उठवलं तरी आपण तेच म्हणू. हळूबाईने त्याचं सरळ इंग्रजी केलं, "नथिंग विल हॅपन." घाबरलेला पेशंट विचारतो, माझ्या रिपोर्टमध्ये काय आहे, आणि नर्स म्हणते, काही होणार नाही! परीक्षेच्या शिक्षकांनी तिला समजावलं, की बाई, तुम्ही पेशंटला खोटा दिलासा देताय आणि त्याचं तोंड बंद करताय. त्याला काय माहीत आहे ते आधी विचारा. मग थांबा.

तिसरी खेप शेवटची होती. तिथल्या रुग्णालयाने नोकरीचं जे पत्र दिलं होतं, त्याची मुदत पुढच्या महिनाअखेर संपत होती. ही परीक्षा हुकली तर पत्र रद्द, आणि मग सगळं पहिल्यापासून. पुन्हा एक-दोन वर्षं आई-लेक इथे आणि वडील पर्समध्ये.

सरावाला तिला पेशंट हवा होता. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "मला पेशंट सांभाळायला वेळ नाही, पेशंट व्हायला कुठून आणू?" हे मी सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. तीन वर्षांत माझ्या वॉर्डातून सात सिस्टर परदेशी गेल्या. प्रत्येकीला मी घडवलं आणि प्रत्येकीला याच सभागृहात शाल घातली. आठवी घडवून पाठवायला मी काय पोस्ट ऑफिस आहे का, असं मला वाटायचं. वाटायचं ते सांगते. आज लपवण्यात अर्थ नाही.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण माझ्याच वॉर्डात दाखल होती. खिडकीजवळचा पलंग. इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी सांगते. आमची ताई तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवायची. कर्करोग होता. किमोचे तीन डोस झाले होते, उपयोग दिसत नव्हता, आणि चौथा द्यावा म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागले होते. डॉक्टर म्हणायचे, ताईंना विचारू या. मी म्हणायचे, तिला काय विचारायचं, तिचं मी बघते. दिवसातून दहा वेळा मी त्या पलंगापाशी जायचे, चादर नीट करायचे, सलाइन बघायचे आणि म्हणायचे, "काही होत नाही ताई." उभ्याउभ्याच म्हणायचे. ती माझ्याकडे बघायची आणि "बरं" म्हणायची.

हळूबाईच्या हातातली कार्डं ताईने पाहिली आणि म्हणाली, "अगं, पेशंट शोधतेस ना? मी आयती पडलेय इथे." झालं. रोज दुपारी दोनला ड्यूटी संपली की ही स्टूल ओढून बसायची आणि ताई पेशंट व्हायची. कधी दमेकरी, कधी नुकतीच बाळंत झालेली! बासष्ट वर्षांची बाळंतीण. आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायका उठून बसायच्या. ताई मध्येच थांबवून व्याकरण दुरुस्त करायची आणि पुन्हा कण्हायला लागायची. दाखल झाल्यापासून ताईला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. मला ते आवडायला हवं होतं ना? मला राग यायचा. माझ्यासमोर ती असं का हसत नाही, म्हणून.

मग तो सोमवार आला. मी ताईचा चार्ट घेऊन पडद्याच्या अलीकडे उभी होते. आत सराव चालला होता. कार्डावर लिहिलं होतं, की पेशंटला नव्या औषधाची भीती वाटते, त्याची माहिती द्या. ताईने सुरुवात बरोबर केली. मग तिचा आवाज बदलला. ती इंग्रजीतच बोलत होती, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "सिस्टर, मला हे औषध नकोय. मी बरी होणार नाही, मला कळतंय. घरच्यांना ते ऐकायचं नाहीये."

मी कान देऊन उभी. मला वाटलं, आता ही म्हणेल तेच वाक्य. ती नाही म्हणाली. तिने विचारलं, "तुम्हाला असं कशामुळे वाटतं?" आणि ती थांबली. बराच वेळ थांबली. तुम्हाला तिचं थांबणं माहीत आहे.

ताई म्हणाली, "मला घरी जायचंय. माझी धाकटी बहीण ऐकणार नाही. ती याच दवाखान्यात नर्स आहे."

कार्डावर बहीण नव्हती, मंडळी.

त्यानंतर मी जे केलं ते इथल्या पंधरा-वीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी पडदा ओढला, हळूबाईच्या हातातलं कार्ड हिसकावलं आणि अख्खा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात म्हटलं, "माझ्या बहिणीवर परीक्षेची प्रॅक्टिस करतेस? लाज वाटत नाही?" ताई म्हणत होती, "अगं, तिचं काही चुकलेलं नाही." मी ऐकून घेतलं नाही. टेबलाशी गेले. शनिवारच्या परीक्षेसाठी हिने टाकलेला रजेचा अर्ज तिथे होता. त्यावर लिहिलं, 'रुग्णसेवेच्या निकडीमुळे नामंजूर'. खाली सही केली. रुग्णसेवेची निकड काहीही नव्हती. शनिवार गेला तर तिच्या पदरात काय पडेल हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लेकीचा चेहरासुद्धा मला आठवला, आणि तरी मी सही केली.

हळूबाई दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, पट्टा गुंडाळला, पाच मिनिटं लावली.

बोलणं बंद केलं ते ताईने. म्हणजे माझ्याशी मराठी बोलणं बंद केलं. "ताई, जेवलीस?" "येस, थँक यू, सिस्टर." "दुखतंय का?" "अ लिटल." परक्या माणसासारखं. मंगळवारी तसंच, बुधवारीही तसंच. तुमच्यापैकी कुणाची थोरली बहीण मास्तरीण असेल तर त्यालाच कळेल की याहून छड्या परवडल्या.

गुरुवारी दुपारी मी स्टूल ओढलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्यापाशी बसले. एकोणतीस वर्षं मी नर्स आहे. आधी सवयीने चादरच नीट केली. शेवटी ते परक्या परीक्षेतलंच वाक्य उसनं घेतलं आणि मराठीत विचारलं, "ताई, तुला काय वाटतंय?"

ती रडली नाही. मी रडले. ती म्हणाली, "मला माझ्या पलंगावर झोपायचंय. चौथा डोस नको. आणि घरी तू नर्स होऊन येऊ नकोस, बहीण होऊन ये. नर्स मला मिळेल."

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. तर म्हणाली, "आता त्या पोरीचा अर्ज आण इकडे." मी आणला. अजून तो माझ्या खणातच होता. तिने चष्मा लावला, माझा शेरा वाचला, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि 'नामंजूर'मधला 'ना' खोडला. नुसता 'ना'. वह्या तपासताना खोडायची तसा, एका रेघेत. म्हणाली, "शेजारी सही कर, आणि त्या आधीच्या दोन शब्दांची लाज वाटत असेल तर तेही खोड." मेट्रन मॅडम, आपण मला तेव्हा विचारलं होतंत, हा अर्ज असा कसा? मी म्हटलं होतं, शाई पसरली. शाई पसरली नव्हती, मॅडम.

शनिवारी हळूबाई परीक्षेला गेली. तिची ड्यूटी मी केली. त्या दिवशी प्रत्येक पलंगापाशी मलाही पाच मिनिटं लागली, आणि दुपारची औषधं वाटायला उशीर झाला. त्याचा शेरा माझ्या नावावर आहे. सोमवारी डॉक्टरांनी वेदनेची औषधं लिहून दिली, सगळं नीट समजावलं, आणि मी ताईला घरी घेऊन गेले.

नऊ आठवडे होती ती. मला वाटतं, चाळीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं त्या नऊ आठवड्यांत बोललो. आईवरून भांडलो, लहानपणच्या एका निळ्या फ्रॉकवरून भांडलो, तो माझाच होता. तिला कशाची भीती वाटते ते तिने सांगितलं. मला कशाची वाटते ते मी सांगितलं. चौथ्या आठवड्यात हळूबाई निकालाचा कागद घेऊन घरी आली. बोलण्यात सगळ्यांत जास्त गुण. ताईने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "ऐकण्यात दहा कमी का?" मग तिला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताईला जाऊन आज दोन महिने आणि सहा दिवस झाले.

मेट्रन मॅडमनी मला दहा मिनिटं दिली होती, ती केव्हाच उलटली. अध्यक्षमहोदयांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तेही मला दिसलं. आयोजकांनी ही संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या मंडळींनी तर उभ्याने ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे.

शेवटी बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. भाषणातलं अधिकउणं तुम्ही पोटात घालालच, त्याची मला चिंता नाही. मला दुसरी क्षमा मागायची आहे. ती याआधी एकांतात मागता आली असती, पण मी मुद्दाम थांबले. कारण ओरडले होते ते सगळ्यांसमोर.

हळूबाई, त्या सोमवारी तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू माझ्या बहिणीला विचारलंस, जे मी विचारायला हवं होतं. आणि तुझ्या लेकीपासून तिचा बाप आणखी दोन वर्षं लांब राहील हे माहीत असून मी तुझ्या अर्जावर सही केली. मला क्षमा कर. लगेच काही बोलू नकोस, सवयीने तर नकोच. सावकाश, मनापासून जे वाटेल ते सांग. तिकडे पोचल्यावर सांगितलंस तरी चालेल.

मी थांबते.