मस्कतहून पेटलेला हीटर

हमीदचाचांचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. कट्टा गावातल्या आमच्या काजूच्या ड्रायरचा हीटर चारशे चाळीस व्होल्टचा. मी मोबाईलवर चालणारा थर्मोस्टॅट आणला आणि थेट जोडायला निघालो. आमचे वायरमन हमीदचाचा, त्यांनी माझा हात धरला.

"ह्यो दोनशे तीसचो आसा. थेट जोडलस तर ह्यो जळतलो, आणि तूय."

मेन बंद करून त्यांनी मध्ये कॉन्टॅक्टर बसवला. आता थर्मोस्टॅटने फक्त इशारा द्यायचा, वीज कॉन्टॅक्टर पेलणार. मग विचारलं, "माझो झील मस्कताक आसा. तेका ह्यो थयसून चलवूक येयत?"

मी त्यांच्या मुलाच्या तिकडच्या फोनवरही थर्मोस्टॅट जोडून दिला. त्याने तिकडून बटण दाबलं, इकडे खट्कन आवाज झाला आणि ड्रायर तापू लागला. चाचा तळवे पुढे धरून बराच वेळ उभे राहिले.

"चार वर्सांनी," ते हळूच म्हणाले, "माझ्या झिलाचो हात हयसर लागलो."