नुकागाचं दुसरं कडवं

नाही, मला एक सांगा, बेसबॉलच्या एका टीमला चेंडू झेलायला तीन-तीन कॅचर लागतात कशाला? एक खेळतो, ठीक. त्याचं बोट मोडलं तर दुसरा, तेही ठीक. पण तिसरा? तिसऱ्याचं काय लोणचं घालायचं? अहो, हे मी आज नाही म्हणत, अकरा वर्षं म्हणतोय, मिनाझाकीच्या बाजारात माझ्या टोफूच्या दुकानात उभा राहून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय, की आपली टीम दर वर्षी शेवटून पहिली येते ती ह्यामुळे! टीमचं नाव मॅकरेल्स, पण गावात सगळे बांगडेच म्हणतात, आणि खेळतातही तसेच, पाण्याबाहेर काढल्यासारखे. तर म्हटलं, तो तिसरा कॅचर काढा आणि त्याच्या जागी चेंडू टाकायला एक डावखुरा पिचर आणा! शेंबडं पोरसुद्धा हेच सांगेल. माझं काय चुकलं, सांगा ना!

आता हा तिसरा कॅचर म्हणजे नुकागा. अकरा वर्षांत सामने किती खेळला? एकोणचाळीस! बाकीचा वेळ काय करायचा, तर मैदानाच्या कडेला जाळीमागे उकिडवं बसून पिचर लोकांचे हात मोकळे करून द्यायचे. ते टाकतायत, हा झेलतोय, ते टाकतायत, हा झेलतोय... आणि मग ते जाणार मैदानात टाळ्या घ्यायला, आणि हा तिथेच. गुडघ्यांचं पार खोबरं झालं असेल माणसाच्या.

आणि मी कोण, हे सांगायचं राहिलंच की! मी ओनुकी. आमचे आजोबा सायकलवर पितळी पिपाणी वाजवत टोफू विकायचे, वडीलही तेच, आमच्या घराण्यात फुप्फुसं वारशानं येतात. मी दुकानात बसलो, पिपाणीला काम उरलं नाही, म्हणून ट्रंपेट घेतला आणि गेलो स्टेडियममध्ये. एकतीस वर्षं झाली. बांगड्यांच्या पाठीराख्यांचा वाजवणारा मी, आणि गाणी करणाराही मीच! म्हणजे बघा, आमच्याकडे जपानात प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं, तो बॅट घेऊन आला की सगळं स्टँड उभं राहून त्याचं गाणं म्हणतं. आणि ज्याला गाणं नाही त्याला आपली ती सामायिक धून, टाँ टाँ टटाँ, कुणीही या आणि आउट होऊन जा.

नुकागाला अकरा वर्षं टाँ टाँ टटाँ.

अहो, नियमच आहे तसा! शंभर सामने झाल्याशिवाय गाणं नाही. आमचे म्होरके कुनिएदासान, पोस्टात जन्म काढलेला माणूस, ते नियम म्हणजे तिकीट समजतात, चिकटवल्याशिवाय काही पुढे जात नाही. त्यात माझं काय चुकलं, सांगा ना! आता... तो अमेरिकेहून आलेला ब्रँडनबर्ग, दहा आठवडे खेळला आणि कंबर धरून परत गेला, त्याला मी तीन कडव्यांचं गाणं दिलं होतं, ती गोष्ट वेगळी. बायकोला ती वेगळी वाटत नाही. चिझुको म्हणते, ‘‘त्याचा एकही सामना व्हायच्या आधी तुमचं गाणं तयार होतं हो!’’ आता बायकोच्या स्मरणशक्तीपुढे कुणाचं चाललंय?

बरं, हा नुकागा कुठे लांब असता तर गोष्ट निराळी. पण सोमवारी सामना नसतो, आणि दर सोमवारी हा माझ्या दुकानात! टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, दोन वड्या, एक मऊ, एक घट्ट. मऊ आईसाठी, तिला दात नाहीत. अकरा वर्षांत कधी म्हणाला नाही, की काका, माझ्या गाण्याचं काय झालं. उलट म्हणायचा, ‘‘काका, सात नंबरवाल्याचं नवं गाणं फार छान झालंय. फक्त चौथ्या ओळीत श्वास कमी पडतो बघा.’’ मला राग! तिसरा कॅचर मला गाणं शिकवणार? पण बसून बसून सगळ्यांची गाणी ह्याला तोंडपाठ... आणि श्वास खरंच कमी पडत होता, तो भाग सोडा.

आणि मग तो एक सोमवार. दुकानात गर्दी, मी पाठमोरा, टोफू कापतोय, आणि माझं आपलं चालू, ‘‘अहो, त्या नुकागाला घरी पाठवा! फुकट जागा अडवून बसलाय!’’ दुकान एकदम गप्प. म्हटलं, पटलं वाटतं सगळ्यांना. वळून बघतो तर पुढे कोण? वड्यांसाठी रिकामा डबा हातात धरून तोच! आणि काय म्हणाला असेल? ‘‘बरोबर आहे काका तुमचं. डावखुरा पिचर हवाच आपल्याला.’’ ‘आपल्याला’ म्हणाला हो! दोन वड्या घेतल्या, वाकून नमस्कार केला आणि गेला. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, मला त्या रात्री जेवण तरी गेलं असतं.

पुढल्याच महिन्यात पेपरात दोन ओळी. नुकागा निवृत्त होतोय, रविवारचा शेवटचा सामना, एकदा बॅट करायला पाठवणार. चिझुकोनं पेपर माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘‘मग? टाँ टाँ टटाँच का?’’

तीन दिवस, तुम्हाला सांगतो, तीन दिवस सोयाबीन दळता दळता गाणं केलं. पहिलं कडवं त्याचं, पाय रोव, नजर रोख, वगैरे, शेवटी नाव. आणि दुसरं कडवं... दुसरं माझं. माफीचं. तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हटलं वीस हजार माणसं म्हणतील माझ्या वतीनं. कुनिएदासान उडालेच, ‘‘ओनुकी, एकोणचाळीस म्हणजे शंभर नव्हेत!’’ मी ट्रंपेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, मग उद्या तुम्ही वाजवा. त्यांचे सगळे दात नकली. आले ताळ्यावर.

रविवार. आठवा डाव. नुकागा बॅट घेऊन निघाला आणि आम्ही सुरू केलं. शब्दांचे कागद वाटलेले, वीस हजार माणसं, एक सूर! आणि हा... हा थांबला. मागे वळून बघायला लागला, की येतंय कोण! अहो, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाचं तरी गाणं वाजतंय! बाजूला सरला, वाट मोकळी करून दिली, वाकलासुद्धा, की या, तुमचं चालू द्या. मागे कुणीच नाही. शेवटी पंचानं त्याच्याकडे बोट केलं, आणि तेवढ्यात शेवटची ओळ आली, नुकागा, नुकागा! ट्रंपेट ओठाला होता म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच भोकाड पसरलं असतं.

मग? तीन चेंडू, तीन वेळा बॅट हवेत, आउट! डोळे पुसत खेळणाऱ्या माणसाला चेंडू दिसणार कुठून? पहिलं कडवं लोकांच्या तोंडात बसावं म्हणून तीनदा घ्यायचं ठरलं होतं, ते कसंबसं दोनदा झालं. दुसऱ्याची वेळच आली नाही. माझी माफी राहिली ट्रंपेटमध्ये.

आणि सोमवारी आला की हो! दोन वड्या, एक मऊ, एक घट्ट. आणि मी तोंड उघडायच्या आत कमरेत वाकून मलाच म्हणतो, ‘‘काका, माफ करा. एवढं गाणं केलंत आणि मी तीन चेंडूंत वाया घालवलं.’’ माझी माफी मागतो! माझी! वर विचारतो, ‘‘कागदावर खाली दुसरं कडवं होतं म्हणे? तो कागद माझ्यापर्यंत आला नाही. काय होतं हो त्यात?’’

आता काय करता! दुकानात सहा गिऱ्हाइकं, मी एप्रनमध्ये, कोपरापर्यंत हात पाण्यात. म्हटलं. तिथेच उभा राहून म्हटलं,

सगळ्यांची गाणी ऐकलीस तू,
तुझंच राहिलं, नुकागा,
उशीर झाला, ऊठ आता,
आमची अकरा वर्षांची चूक पदरात घेऊन मैदानात ये तू एकदा!

चिझुको पदर नाही म्हणून बाहीनं डोळे पुसतेय. नुकागानं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग नाक ओढलं आणि हळूच म्हणाला, ‘‘छान आहे काका. फार छान आहे... फक्त चौथ्या ओळीत श्वास कमी पडतो.’’

पडतो हो! खरंच पडतो! आता रोज पहाटे टोफू कापताना मी ती चौथी ओळ दुरुस्त करत असतो, जे गाणं ह्या जन्मात पुन्हा वाजायचं नाही त्याची! आणि चिझुको तिकडून म्हणते, ‘‘अकरा वर्षं होती की हो तुमच्याकडे!’’ आता ह्यात माझं काय चुकलं, सां...

असू दे. नका सांगू.