भाकरीची टिप

माझी बायको शोभा गेल्याचा फोन मला मोडनिंबच्या बाजारात आला. महिन्याभराने तिच्या मृत्यूचा दाखला आणायला सोलापुरात सिटी बसने चाललो होतो. पुढच्या बाकावर एका हॉटेलात भाकऱ्या थापणारी बाई आणि तिथलाच वेटर बसले होते.

“धम्मदीप, टिपंत माझा वाटा न्हाय व्हय?”

“केसरमावशी, गिऱ्हाईक माझ्या हातात देतंय. मालक म्हणतो, वाटून द्यायचा कायदा न्हाय.”

“कायदा ऱ्हाऊ दे. कालचे शंभर कशाचे दिले त्या गिऱ्हाइकानं?”

“भाकरी लई झकास हाय म्हणला.”

“मग माझेच की!”

“निम्मे घ्या.”

“ठेव तुलाच. पर तो असं म्हणला, हे मला कालच सांगायचं की रं.”

शोभाच्या हातची भाकरी मी एकतीस वर्षं खाल्ली. चांगली झाली, एवढं तिला सांगायचं राहून गेलं.