सोपा असल्याचा शिक्का

नाही, बसा, आता उठायचं नाही — ‘अगदी सोपा आहे मॅडम’ म्हणालात ना, मग समजावून सांगा की! बारा पानांचा फंड आणून आपटलात टेबलावर, सामान्य माणसाला विकायचाय, सोपा असल्याचा शिक्का माझ्याकडून हवाय — आणि नववं पान उघडलं तर तुम्हालाच घाम! ‘बाजाराच्या रोजच्या चढउताराच्या दुप्पट’, असं छापलंय. छान. बाजार शंभराचा नव्वद झाला, दुसऱ्या दिवशी परत शंभर. तुमचा फंड कुठे? — शंभर? अहो, शंभर कसा? पहिल्या दिवशी आपटून ऐंशीवर आला, तिथून बाजाराच्या अकराच्या दुप्पट, बावीस टक्के चढला तरी अठ्ठ्याण्णवसुद्धा होत नाही! हे ठाऊक नाही आणि विकायला निघालात? टाय मात्र झकास बांधलाय.

काय? मागचा फंड मीच पास केला? — केला की! तोही असलाच होता, हो, केला. कसा, ते ऐकायचंय? बाबांना वाचून दाखवायचे मी. बाबा शिंपी, शाळा सातवीपर्यंत — म्हटलं, त्यांना कळलं तर कुणालाही कळेल. फोन लावायचा, पानं वाचायची, ‘समजलं का बाबा?’ — ‘समजलं’ — की मारला शिक्का. सहा वर्षं! सहा वर्षांत एकदाही ‘नाही’ म्हणाले नाहीत, आणि मला शहाणीला काही खटकलं नाही. गेल्या रविवारी घरी गेले, तर बाबांच्या हातात त्याच फंडाचा कागद. दुकान विकून आलेले पैसे, सगळेच्या सगळे त्यात. ‘बाजार होता तिथेच आहे, मग माझेच कमी कसे गं झाले?’ म्हटलं, बाबा, तुम्हाला तर समजलं होतं! तर म्हणतात, ‘मला कुठलं समजतंय? पण नाही म्हटलं तर तुझं काम अडेल, असं वाटायचं.’

मान कशाला खाली घातलीत? दया नकोय मला तुमची. हे घ्या — ‘गुंतागुंतीचा’. लिहिलं, सही केली. जाऊन सांगा तुमच्या साहेबांना, बाई आडमुठी आहे म्हणून. — आता काय राहिलं? न समजता घेतला कशाला, असंच ना? विचारलं मी, तेच विचारलं, तोंड वर करून. ‘अगं,’ म्हणाले, ‘तू पास केलेला होता ना.’

निघा तुम्ही.